मालक कुठे आहेत?

वाचण्यापूर्वी : 'शेतकरी' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? एका वाक्यात वहीत लिहून ठेवा आणि मगच पुढे वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या शनिवारच्या ऑनलाइन वर्गात मी भाषांतरासाठी एक सोपं जर्मन वाक्य दिलं होतं : 'डी बॉयरिन फेरकाउफ्ट आयर.' चारच शब्द. मला वाटलं, दोन मिनिटांत होईल आणि आपण पुढच्या धड्याकडे वळू.

एका मुलाने लिहिलं, 'शेतकऱ्याची बायको अंडी विकते.' एका मुलीने लिहिलं, 'शेतकरी अंडी विकते.' तिसऱ्याने दोन्ही उत्तरं पाहिली आणि विचारलं, "ताई, 'शेतकरी विकते' हे चूक आहे ना? 'विकतो' पाहिजे!" मग जी वादावादी सुरू झाली, ती तास संपेपर्यंत चालली. पुढचा धडा राहिलाच.

गंमत अशी की कोणीच पूर्णपणे चुकलं नव्हतं. जर्मनमध्ये 'बाउअर' म्हणजे शेतकरी. त्याला 'इन' जोडलं की 'बॉयरिन' होतं. पण बॉयरिन म्हणजे स्वतः शेती करणारी बाई की शेतकऱ्याची बायको? दोन्ही. जुन्या लोकांच्या बोलण्यात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो. आपल्या मराठीतही अगदी असंच आहे, प्रत्ययसुद्धा किती सारखा! पाटलाची बायको ती पाटलीण. मास्तरीण म्हणजे शाळेत शिकवणारी, किंवा मास्तरांची बायको. 'शेतकरी'चं 'शेतकरीण' करता येतं, पण तो शब्द कानावर क्वचितच पडतो. बाई दिवसभर शेतात राबते, तरी आपण म्हणतो, 'ती शेतात मदत करते.'

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न आहे का? मला तसं वाटत नाही. ज्याला आपण 'शेतकरी' म्हणतो, त्यालाच नवं बियाणं, नवं यंत्र, कर्ज आणि सल्ला मिळतो. ज्याला ते मिळतं, तोच नवीन काही करून पाहू शकतो. म्हणजे शेतीत सुधारणा कोण करणार, हे पुष्कळदा त्या एका शब्दावर ठरतं. या लेखात मला हेच सांगायचं आहे.

आजीची मडकी

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातली. हा कमी पावसाचा भाग. बाजरी, मटकी, हुलगा अशी पिकं तिथे येतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हा माजघरात ओळीने ठेवलेली मडकी दिसायची. त्यांत राखेत घोळवलेलं कडधान्याचं बियाणं असे. मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं. भोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावलेल्या. बाजरीची निवडक कणसं चुलीच्या वर, धुराला टांगलेली. कीड लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

कापणीच्या आधी आजी शेतात एकटीच फिरायची. कोणतं कणीस चांगलं भरलं आहे, कोणतं झाड कमी पाण्यात तगलं आहे, हे बघून ती त्यावर खुणेची चिंधी बांधायची. ते कणीस खायचं नाही, बियाण्यासाठी राखायचं. पेरणीच्या आधी ओल्या फडक्यात मूठभर दाणे बांधून ठेवायची आणि किती उगवले ते मोजायची. याला उगवण चाचणी म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

एकदा तालुक्याहून एक साहेब आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "मालक कुठे आहेत?" आजी म्हणाली, "मालक बाजाराला गेलेत." साहेबांनी नव्या बियाण्याची माहिती असलेला कागद तिच्या हातात दिला. "मालकांना द्या," म्हणाले आणि गेले. मागे माजघरात मडक्यांची ओळ होती, पण ते बियाणं कोण निवडतं, कसं निवडतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त तो प्रश्न आजीला विचारावा, असं त्यांना सुचलंच नाही.

इथे 'मालक' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. मालक म्हणजे ज्याची वस्तू आहे तो. पण खेड्यात बाई आपल्या नवऱ्यालाही 'आमचे मालक' म्हणते, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. एकाच शब्दात नवरा आणि जमीन धारण करणारा माणूस, दोघं बसले. मग बाई मालक असू शकते, हे कोणाच्या डोक्यात येणार कसं?

चार बंद दारं

बाईने काय करावं आणि पुरुषाने काय करावं, याचे काही नियम कुठेच लिहिलेले नसतात, तरी सगळे ते पाळतात. त्यांना आपण रूढी म्हणतो. शेतीत या रूढींमुळे बाईसमोरची निदान चार दारं बंद होतात.

पहिलं दार जमिनीचं. महाराष्ट्रात जमिनीच्या नोंदीच्या कागदाला 'सातबारा' म्हणतात. पीककर्ज घ्यायचं असो, विहिरीसाठी किंवा ठिबक सिंचनासाठी अनुदान मागायचं असो, आधी सातबारा दाखवावा लागतो. त्यावर नाव नसेल, तर बाई कितीही हुशार असली तरी सरकारी कागदावर ती शेतकरी नाही. भारताच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावावरची शेतखाती होती सुमारे १४ टक्के. आणि खेड्यांत काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी जवळजवळ तिघी शेतीतच काम करतात!

दुसरं दार माहितीचं. शेतीविषयीची सभा बहुधा गावच्या पारावर किंवा चावडीत होते, आणि तीही संध्याकाळी. पुरुष मोकळे असतात ती हीच वेळ, आणि बायकांची चूल पेटण्याची वेळही हीच. शिवाय पारावर जाऊन बसणं बाईला शोभत नाही, असं गाव म्हणतं. सभेला यायला कोणी मनाई करत नाही, पण कोणी येतही नाही.

तिसरं दार अवजारांचं. बाईने नांगराला हात लावू नये, अशी समजूत अनेक गावांत होती. काही ठिकाणी आजही आहे. बाईच्या हातात खुरपं आणि विळा. दोन्ही वापरायचे म्हणजे उन्हात तासन्‌तास वाकून किंवा उकिडवं बसून काम. हे बाईचं काम सोपं करणारं काही नवीन आलं, की बहुतेक वेळा ते काम पुरुषाकडे जातं. तण काढणं हे बायकांचं काम. त्याला खुरपणी किंवा निंदणी म्हणतात. तणनाशक आलं तेव्हा फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर गेला आणि खुरपणीची मजुरी बाईच्या हातून गेली. काम हाताने होतं तोवर ते बाईचं, यंत्राने होऊ लागलं की पुरुषाचं, असं का व्हावं?

चौथं दार वेळेचं. नवीन गोष्ट करून पाहायला मोकळा वेळ लागतो. पाणी भरणं, भाकरी करणं, मुलं, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं उरकून शेतात जाणाऱ्या बाईकडे तो वेळ उरत नाही.

हे फक्त महाराष्ट्राचं चित्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा एक अहवाल २०२३ साली आला. त्यात म्हटलं आहे की सारख्याच आकाराचं शेत असलं, तरी बायका चालवतात त्या शेतांची उत्पादकता पुरुषांच्या शेतांपेक्षा २४ टक्के कमी भरते. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, "बघा, बायकांना जमत नाही." पण अहवाल कारणं सांगतो ती वेगळी : जमीन, खत, बियाणं, प्रशिक्षण, अवजारं यांपर्यंत पोचण्यातली तफावत. शेतीतली ही तफावत आणि शेती-अन्नाच्या कामांमधली मजुरीतली तफावत मिटली, तर जगातले सुमारे साडेचार कोटी लोक उपासमारीच्या सावटातून बाहेर येतील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे प्रश्न फक्त बायकांच्या हक्काचा नाही, सगळ्यांच्या ताटाचा आहे.

परसातून सुरू झालेलं काम

एवढी दारं बंद असूनही बायका नवीन करतातच. पण ते कुठे करतात, हे बघण्यासारखं आहे. जिथे पुरुषांचं फारसं लक्ष नसतं, तिथे.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. पूर्वी हा जिल्हा अहमदनगर म्हणून ओळखला जायचा. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे महादेव कोळी या आदिवासी समाजातल्या आहेत. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. दुकानातल्या बियाण्याने आणि रासायनिक फवारणीने पिकवलेल्या भाज्यांमुळे घरातली मुलं आजारी पडतात, असं त्यांना वाटू लागलं. म्हणून त्यांनी गावोगावचं जुनं, देशी बियाणं जमवायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भाज्या, भात. हे बियाणं त्यांनी परसात लावलं, वाढवलं, निवडलं आणि दुसऱ्या बायकांना दिलं. बायफ या संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं. २०१८ साली बीबीसीने जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

राहीबाईंचं कौतुक सगळेच करतात, आणि करायलाच हवं. पण मला वाटतं, तिथेच थांबलं तर आपण अर्धीच गोष्ट ऐकली. बियाणं राखणं हे बायकांचं काम, अशी रूढी होती. त्याच रूढीने त्यांच्या हातात ज्ञान दिलं. आणि 'त्यात काय एवढं' असं म्हणून त्याच रूढीने ते ज्ञान वर्षानुवर्षं झाकूनही ठेवलं. राहीबाईंना विचारणारं कोणीतरी भेटलं. माझ्या आजीला नाही भेटलं. आजी गेली, तेव्हा ती मडकी फुटकी भांडी म्हणून परसात टाकून दिली. तिच्या बाजरीचं बियाणं आता कोणाकडेच नाही.

'शेफ आहेत का?'

आता इथे जर्मनीत या. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "हे सगळं भारतात. जर्मनीत असं नसतं." मलाही तसंच वाटायचं.

२०२० च्या जर्मन कृषी गणनेप्रमाणे इथली फक्त सुमारे ११ टक्के शेतं बायका चालवतात. हो, ११! भारताच्या १४ टक्क्यांपेक्षाही कमी. दोन्ही देशांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून शर्यत लावू नये. पण एवढं नक्की कळतं की देश श्रीमंत झाला, ट्रॅक्टर मोठे झाले, तरी रूढी आपोआप जात नाही. युरोपीय संघाची सरासरी यापेक्षा पुष्कळ वर आहे, जवळजवळ एक तृतीयांश.

यामागे इतिहास आहे. १९४७ साली उत्तर-पश्चिम जर्मनीत, म्हणजे नीडरझाक्सनसारख्या राज्यांत, शेताच्या वारशाचा एक कायदा आला. त्याचं नाव 'ह्योफेओर्डनुंग'. शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून शेत एकाच वारसाला द्यायचं. विचार ठीक होता, पण वारस निवडताना मुलग्यांना मुलींच्या आधी मान होता. हा भेदभाव संविधानाच्या विरुद्ध आहे, असा निकाल कार्ल्सरुहच्या संविधान न्यायालयाने मार्च १९६३ मध्ये दिला. कायद्यातला भेदभाव गेला, पण मनातला तेवढ्या वेगाने गेला नाही. आज ज्या शेतांचा पुढचा वारस ठरलेला आहे, त्यांत मुलींचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे.

आणखी एक गोष्ट. शेतकऱ्याच्या बायकोला तिच्या स्वतःच्या नावाने वृद्धापकाळाच्या विम्याचं संरक्षण जर्मनीत मिळालं १९९५ साली. तोपर्यंत पन्नास वर्षं गाईंचं दूध काढलेली बाईसुद्धा 'मदत करणारी' होती. म्हणजे आपलं मराठी वाक्य, 'ती शेतात मदत करते', इथेही होतं, फक्त जर्मनमध्ये.

आमच्या गावाबाहेर एक शेत आहे. तिथल्या दुकानात आम्ही अंडी, बटाटे आणि चीज घेतो. अशा दुकानाला 'होफलाडेन' म्हणतात. ते दुकान चालवणाऱ्या बाईंशी मी एकदा बोलत होते. शेत त्यांच्याच नावावर आहे, वडिलांकडून आलेलं. मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे यंत्रं विकायला येणारे लोक अजून विचारतात, 'शेफ आहेत का?' मी म्हणते, 'आहेत ना, तुमच्यासमोरच उभ्या आहेत.'"

माणदेशातलं माझ्या आजीचं दार आणि नीडरझाक्सनमधलं हे दार, दोन्हीकडे प्रश्न तोच. फरक एवढाच की या बाईंना उत्तर देता आलं. का देता आलं? कारण कागदावर त्यांचं नाव होतं.

आपला माल आपण विकायचा, ही कल्पनाही जर्मनीत बायकांनीच जोमाने पुढे नेली. १८९८ साली पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्ग या गावात एलिझाबेत ब्योम नावाच्या बाईंनी शेतकरी गृहिणींचा पहिला संघ काढला. अंडी, लोणी, भाजी हा 'बायकांचा किरकोळ माल' समजला जायचा. तो त्यांनी एकत्र करून, प्रत बघून, शहरात विकायला सुरुवात केली. बायकांना शेतीचं शिक्षण मिळावं आणि त्यांच्या कामाला व्यवसाय म्हणावं, अशी त्यांची मागणी होती. आजच्या 'लांडफ्राउएन', म्हणजे ग्रामीण महिलांच्या, संघटनांची मुळं तिथे आहेत. गंमत बघा : राहीबाईंनी सुरुवात केली परसातून, आणि ब्योम यांनी अंड्यांच्या टोपलीतून. दोघींनी रूढीने दिलेल्या छोट्या जागेतूनच वाट काढली.

एक एकर आणि एक नाव

मग दारं उघडायची कशी? महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली मराठवाड्यातली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था काम करू लागली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. मराठवाड्यात दुष्काळ वारंवार येतो. सोयाबीन, ऊस अशी पैशाची पिकं फसली की घरात खायलाही उरत नाही. संस्थेने बायकांना सुचवलं : सगळं शेत मागू नका. घरच्यांना सांगा, 'मला एक एकर द्या. अर्धा दिला तरी चालेल. त्यात काय लावायचं ते मी ठरवणार.' बायकांनी त्यात भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी अशी मिश्र पिकं घेतली. पाणी कमी लागलं, खत घरचंच वापरलं, आणि एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहिलं.

या मागणीतली हुशारी बघा. 'घरच्यांच्या जेवणाची काळजी बाईने घ्यायची' ही जुनीच रूढी. तिचाच आधार घेऊन बायकांनी निर्णयाचा हक्क मागितला. भांडण न करता त्या 'मदत करणारी'च्या 'ठरवणारी' झाल्या.

दुसरी गोष्ट जुनी आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहरात चांगल्या नोकरीत होते. ती सोडून ते महाराष्ट्रात परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि पुढे त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांत 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम आला. आपण बाईला 'घरची लक्ष्मी' म्हणतो, पण तिच्या नावावर काहीच नसतं. तर पुरुषांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी. ज्या गावात निदान शंभर जण असं करतील, ते 'लक्ष्मीमुक्त' गाव. अनेक गावांनी ते केलं. पुढे सरकारनेही याच नावाची योजना आणली. त्यात पतीने अर्ज केला, तर पत्नीचं नाव सातबारावर सहधारक म्हणून लावता येतं.

एका गोष्टीत निर्णय मिळाला, दुसरीत नाव मिळालं. माझं मत असं की दोन्ही लागतात. नुसतं नाव असेल आणि निर्णय नवराच घेत असेल, तर तो कागद पेटीत पडून राहतो. नुसता निर्णय असेल आणि नाव नसेल, तर नवरा गेल्यावर दीर येऊन म्हणू शकतो, 'ही जमीन आमची.' नवऱ्याच्या मागे शेती सांभाळणाऱ्या किती तरी बायकांना सातबारावर नाव लावून घेण्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले आहेत.

पण ताई...

वर्गात मुलांनी मला अडवलं, ते बरं झालं. त्यांच्या तीन हरकती इथे देते.

'शेतीची कामं जड असतात, म्हणून पुरुष करतात.' भाताची लावणी करून बघा. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं. ते काम बायकाच करतात, आणि त्याला कोणी जड म्हणत नाही. शिवाय यंत्र आलं की ताकदीचा प्रश्नच कमी होतो. भारत सरकारने २०२३ साली 'नमो ड्रोन दीदी' ही योजना मंजूर केली. तीत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. ड्रोन उडवायला दंड नाही, प्रशिक्षण लागतं.

'पुरुष शेतकरीही अडचणीत आहेत, त्यांचं काय?' अगदी खरं आहे. पाऊस, भाव, कर्ज, सगळ्याचं ओझं त्यांच्यावर आहे. पण 'मालक' एकटाच असायचा ही रूढी त्यांनाही एकटं पाडते. चुकलं तर त्याचं एकट्याचं चुकतं. ओझं वाटून घ्यायचं असेल, तर अधिकारही वाटावा लागेल.

'बायकांना आधीच एवढं काम, त्यात आणखी?' ही हरकत मला सगळ्यांत जास्त पटली. नवी पद्धत म्हणजे कधी कधी बाईच्या मागे आणखी एक काम. म्हणून चौथं दार, वेळेचं, विसरून चालणार नाही. घरात नळ आला, भाकरी कोणी दुसऱ्यानेही थापली, सभा दुपारी ठेवली आणि मुलांना तिथे खेळायला जागा केली, तरच बाकीच्या गोष्टींना अर्थ आहे.

माझी सही

आता एक गोष्ट कबूल करते. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे भारतातून एक कागद आला. त्याचं नाव 'हक्कसोडपत्र'. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या भारतात २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच वाटा आहे. पण पुष्कळ बहिणी भावासाठी तो हक्क सोडून देतात. 'माहेर तुटायला नको' हे त्याचं कारण. मी इथे राहते, मला शेती करायची नाही, भाऊ करतो. म्हणून मी सही केली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. शेती भाऊ करतो, असं मी म्हणाले. पण भाऊ नोकरीला तालुक्याला जातो. रोज शेतात असते ती वहिनी. शेवगा लावायचं तिने ठरवलं. ठिबकची नळी कुठे तुंबली, हे तिलाच कळतं. सही करताना मी भावाला साधा प्रश्न विचारला नाही : "वहिनीचं नाव लावणार ना?" तालुक्याचे ते साहेब आजीला विसरले, तशी मी वहिनीला विसरले. या उन्हाळ्यात गावी गेले, तेव्हा विचारलं. भाऊ जरा गप्प झाला. मग म्हणाला, "खरं आहे. कधी डोक्यातच आलं नाही." अर्ज अजून दिलेला नाही. मी फोनवर आठवण करत असते. वहिनी म्हणते, "राहू द्या हो ताई." पण मागच्या रविवारी तिने स्वतःच विचारलं, अर्जाला कोणकोणते कागद लागतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, भित्तिपत्रकं लागतील. होऊ देत. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरची थोडी जमीन कुठे ना कुठे असेल, विदर्भात, कोकणात, खानदेशात. उद्या तुमच्याकडेही सहीसाठी एक कागद येईल. तेव्हा सही करा किंवा करू नका, ते तुम्ही ठरवा. फक्त एवढं विचारा : त्या शेतात रोज कोण जातं, आणि कागदावर कोणाचं नाव आहे?

आणि त्या भाषांतराचं काय झालं? शेवटी वर्गाने मत घेतलं. जिंकलेलं वाक्य असं : 'शेतकरी बाई अंडी विकते.' ज्या मुलाने आधी 'शेतकऱ्याची बायको' लिहिलं होतं, त्याने हात वर करून विचारलं, "पण ताई, पुरुष असेल तर आपण 'शेतकरी बुवा' म्हणतो का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर लिहून पाठवा.

विचार करा आणि बोला

१. लेख वाचण्याआधी तुम्ही वहीत कोणाचं वर्णन लिहिलं होतं? आता ते बदलावंसं वाटतं का?
२. 'मालक', 'पाटलीण', 'बॉयरिन' यांसारखा आणखी एखादा शब्द तुम्हाला माहीत असलेल्या कोणत्याही भाषेत शोधा. त्याचे दोन अर्थ सांगा.
३. लेखिकेने हक्कसोडपत्रावर सही केली, ते तुम्हाला बरोबर वाटतं का? आठ-दहा वाक्यांत तुमचं मत लिहा.
४. आजी, आजोबा, मामा, आत्या यांच्यापैकी कोणाला तरी फोन करा. घरच्या शेतात बियाणं कोण राखायचं, ते मराठीत विचारा आणि वर्गात सांगा.